किल्ल्यावरची पलटण

बीदरच्या तांबड्या मातीचा किल्ला करून त्यावर मावळे बसवावेत, ही आमच्या घरची दिवाळीची रीत. यंदा नातवाने मात्र आजच्या पायदळाची प्लाटून मांडण्याचा हट्ट धरला. आम्ही बाजारातून प्लास्टिकचे शिपाई आणले. सारेच नेम धरून बसलेले!

आमचा एक जुना विद्यार्थी मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार आहे. तो रजेवर आला होता. त्यानेच निवड केली : तीन सेक्शन, प्रत्येकी दहा जवान, त्यांवर एकेक हवालदार, शिवाय प्लाटून कमांडर. वायरलेसवाला मिळेना, तेव्हा एकाच्या पाठीला काडेपेटीचा तुकडा चिकटविला.

मग एक हवालदार उचलून त्याने देवळीत ठेवला.

"हा का नको?"

"तो रजेवर आहे, बाळा. भाऊबिजेनंतर जाईल."

भाऊबीज सरली, विद्यार्थी गेला. देवळीतल्या शिपायाला नातू अजून हात लावू देत नाही.