फुलवाल्याचा ॲस्टर खरा कोण?

मुलांनो, दसऱ्याच्या सुमारास नेरूळ स्टेशनबाहेर पडलात ना, तर फुलवाल्यापाशी पाच मिनिटं थांबा. झेंडूचे ढीग, शेवंती, जांभळ्या-गुलाबी ॲस्टरच्या जुड्या. ही सगळी एकाच घराण्यातली, सूर्यफुलाच्या!

मध्ये पिवळा गोल असलेला एक ॲस्टर घ्या आणि उभा फाडा. कडेची ‘पाकळी’ हे एक अख्खं फूल असतं बरं का! मधल्या गोलात तर इवल्या फुलांची नुसती दाटी. दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियात असाच एक फुलोरा दगडात सापडला. २०१० साली त्याची माहिती छापून आली. वय? सुमारे पावणेपाच कोटी वर्षं!

आता आडनावाचा घोळ. ॲस्टर म्हणजे ग्रीक भाषेत तारा. आपल्या बाजारातल्या या मूळच्या चिनी फुलाला लिनियसने १७५३ मध्ये ॲस्टरांतच घातलं होतं. पुढे शास्त्रज्ञांनी त्याला वेगळं काढून ‘कॅलिस्टेफस’ म्हटलं. फुलवाल्याला हे सांगायला जाऊ नका हं, त्याला गिऱ्हाइकं असतात!

उत्तर अमेरिकेतल्या रानॲस्टरांचंही तसंच. दिसायला ते युरोप-आशियातल्या ॲस्टरांसारखेच, म्हणून दोनशेहून जास्त वर्षं एकाच नावाखाली नांदले. १९९४ साली गाय नेसम या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांतल्या बहुतेकांना निराळ्या गटांत मांडलं. सर्वांत मोठ्या गटाचं नाव सिम्फिओट्रायकम. म्हणायला जड, पण वाटणी बरोबर होती. पुढे डीएनए तपासला, तेव्हा कळलं की हे ॲस्टर त्यांच्या युरोपी जुळ्यांपेक्षा गोल्डनरॉडला जवळचे. चेहरा एकाचा, रक्त दुसऱ्याचं!

गोल्डनरॉड म्हणजे बुकेत भर म्हणून खोचतात तो पिवळा तुरा. तोही मूळचा उत्तर अमेरिकेचाच. म्हणजे अमेरिकी ॲस्टरांचा सख्खा नातेवाईक तो, आणि नाव मिरवतो शेजारचा जांभळा पाहुणा.

आता पाम बीच रोडकडे चालत निघा. फुटपाथच्या फटीत एकदांडी दिसेल. हीसुद्धा याच घराण्यातली, उष्ण अमेरिकेतून आलेली. खरचटलं की आजी हिच्याच पाल्याचा रस लावायची. फुटपाथ साफ करताना ‘गवत’ म्हणून ती उपटली जाते, मला फार वाईट वाटतं. त्याआधी खाली बसा आणि मोजा. कडेची फुलं बहुधा पाच. प्रत्येकाच्या टोकाला दाते किती?