ओसरीवरचा फळा

घराला शोभा आणणाऱ्या पुष्कळ वस्तू बाजारात विकत मिळतात. पण घरच्या माणसांनी हाताने केलेल्या आणि रोज उपयोगी पडणाऱ्या वस्तूची शोभा काही वेगळीच. शेती खात्याच्या नोकरीत मी शेकडो घरांच्या ओसरीवर चहा घेतला. ज्या घरात भिंतीवर नीटनेटका रंगवलेला फळा दिसला, त्या घरात चार शब्द जास्त बोलावेसे वाटले. म्हणून आज खते-बियाणे बाजूला ठेवून फळ्याविषयी लिहितो.

दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच असा प्लायवूडचा तुकडा पुरे. सुताराकडे उरलेला तुकडा असला तरी चालतो. तो काचकागदाने घासून गुळगुळीत करावा, धूळ पुसावी आणि प्रायमरचा एक हात द्यावा. तो वाळला की फळ्याच्या काळ्या रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. पहिला हात आडवा, दुसरा उभा, आणि मध्ये एक दिवस जाऊ द्यावा. रंग दाट लावला तर पृष्ठभाग खडबडीत होतो आणि खडू अडखळतो. रंग पक्का वाळल्यावर लगेच लिहायला बसू नये. खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करावा आणि कोरड्या फडक्याने पुसून काढावा. हे केले नाही तर पहिली अक्षरे पुसल्यावरही त्यांची छाया मागे राहते.

आता अक्षरे. आपली देवनागरी शिरोरेषेला लोंबते, म्हणून आधी रेषा आखाव्यात. एक दोरा खडूच्या भुकटीत घोळवावा, दोघांनी दोन टोकांना ताणून धरावा आणि मधोमध चिमटीने उचलून सोडावा. सरळ रेषा उमटते. अक्षर दोन बोटे उंच असेल तर वेलांटी आणि मात्रेसाठी वर एक बोट आणि उकारासाठी खाली एक बोट जागा सोडावी. नव्या हाताची अक्षरे बहुधा इथेच दाटीवाटीने बसतात. मथळा मधोमध यावा म्हणून त्याची अक्षरे मोजावीत आणि मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे लिहीत जावे. कायमचा मथळा पांढऱ्या ऑइल पेंटने, चपट्या ब्रशने काढावा. ब्रश बोरूसारखा तिरपा धरला की जाड-बारीक वळणे आपोआप येतात. रोजच्या मजकुरासाठी खडू. खडूचे टोक पाण्यात बुडवून लिहिले तर अक्षर ठसठशीत उमटते आणि सहज झडत नाही. पुसताना मात्र ओले फडके घ्यावे.

कडेच्या नक्षीसाठी बाहेर शोधायला नको. रांगोळीचे ठिपके, गोपद्मे, ज्वारीचे कणीस, हे घरातल्या मुलींच्या आणि सुनांच्या बोटांत असतेच. ते काम त्यांच्याकडेच द्यावे.

मग फळ्यावर लिहायचे काय? सुविचार जरूर लिहावा, पण तो एका ओळीत. बाकी जागा घरच्या कामाला द्यावी. गाय किंवा म्हैस भरवल्याची तारीख लिहावी. एकविसाव्या दिवसाच्या आसपास ती पुन्हा माजावर येते का, ते पाहावे. गाभण राहिली तर गाय सुमारे २८० दिवसांनी आणि म्हैस सुमारे ३१० दिवसांनी विते, म्हणजे विण्याची तारीखही तिथेच मांडता येते. सोसायटीचा हप्ता कधी भरायचा, तेही लिहावे. कर्जाची तारीख एकट्या कारभाऱ्याच्या डोक्यात राहण्यापेक्षा सगळ्या घराला ठाऊक असलेली बरी.

पण माझा खरा आग्रह फळ्याच्या एका कोपऱ्याविषयी आहे. तो कोपरा फवारणीसाठी राखून ठेवावा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. औषधाच्या डब्यावर एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा झाला तरी ते विषच, औषध म्हणून पोटात घेण्यासारखे नव्हे. तोच त्रिकोण रंगीत खडूने फळ्यावर काढावा. शेजारी औषधाचे नाव, फवारल्याची तारीख आणि किती तारखेपर्यंत माल तोडायचा नाही ते लिहावे. फवारणीनंतर किती दिवस थांबायचे ते डब्याच्या माहितीपत्रकावर छापलेले असते.

आमच्या भागातल्या एका वाडीवर याचा प्रत्यय आला. कारभाऱ्याने सकाळी गवारीवर फवारणी केली, सुनेकडून फळ्यावर लिहून घेतले आणि तो बाजाराला गेला. सूनही खुरपणीला गेली. दुपारी शाळेतून आलेली नात भाजीसाठी गवार तोडायला टोपली घेऊन निघाली. घरात फक्त आजी. आजींना अक्षर ओळख नाही. पण त्यांनी पोरीला दारातच हाक मारून थांबवले. पुढे मी त्या घरी गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, “सायेब, मला लिवता-वाचता येत न्हाई. पर पिवळा तिकोन दिसला की त्या वाफ्याला हात लावायचा न्हाई, येवढं सूनबाईनं शिकवलंया.”

मी त्या सूनबाईंचे कौतुक केले. त्या लाजून म्हणाल्या, “आत्याबाईंनाच आधी सांगितलं. घरात सगळ्यात जास्त वेळ त्याच असतात ना.”

आणखी एक गोष्ट. देव न करो, पण कोणाला विषबाधा झालीच, तर दवाखान्यात डॉक्टर पहिल्यांदा विचारतात ते औषधाचे नाव. तेव्हा डबा शेतात राहिलेला असतो आणि फवारणारा माणूस बोलण्याच्या अवस्थेत नसतो. अशा वेळी फळ्यावरची ती एक ओळ कामाला येते. शक्य तर डबा किंवा त्यावरचे लेबलही सोबत न्यावे.

फळा टांगताना ओसरीवर, पावसाची झड लागणार नाही अशा भिंतीला आणि लहान मुलांच्या नजरेला येईल एवढ्याच उंचीवर टांगावा. खडूची वाटी खाली असू द्यावी. मोठ्यांनी लिहावे, मुलांनी मोठ्याने वाचून दाखवावे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना खुणा समजावून द्याव्यात. खरिपाची गडबड सुरू होण्याआधी दोन दिवस काढले तर एवढे काम सहज होते.