गजावरच्या दोन खुणा

आमच्या घरात बंदूक होती ती हौसेची नव्हे, गरजेची. घर कुडाळ तालुक्यात, कर्ली नदीच्या अंगाला. शेत डोंगराच्या पायथ्याला आणि वर नुसतं रान. भात पोटरीवर आलं की रात्रीची डुकरं उतरायची. डुक्कर खातं थोडं, नासवतं फार. लोळून, उकरून, बांध फोडून एका रात्रीत कुणग्याचे कुणगे आडवे करून ठेवतं. सकाळी आई बांधावर उभी राहून नुसती बघत राहायची. बोलायची काहीच नाही. तिचं ते न बोलणं ऐकवत नसे.

म्हणून कोकणात शेतीसंरक्षणाचा परवाना आणि ठासणीची बंदूक असलेली घरं वाडीगणिक एखाददुसरं तरी सापडायचीच. आमच्याकडे ती आजोबांपासून होती. वडील गेले आणि 1986 साली परवाना वारसाने माझ्या नावावर झाला. तोवर सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होऊन पाच वर्षं झाली होती, त्यामुळे कागदांसाठी रत्नागिरीच्या खेपा वाचल्या. हाती बंदूक आली, पण भरायचं सामान नव्हतं. वडिलांच्या आजारपणात पेटी तशीच माळ्यावर पडून होती. चामड्याच्या पिशवीला वाळवी लागलेली, गज मधोमध चिरलेला, दारूच्या शिंगाचं बूच हरवलेलं.

ठासणीच्या बंदुकीला काडतूस नसतं, हे आता सांगावं लागतं. बारा बोरची तयार काडतुसं पुण्याजवळ खडकीला बनतात. तिथला दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा. पण ती चालायला बंदूकही तशी, मागून उघडणारी लागते, आणि ती आमच्या ऐपतीबाहेरची. आमच्या बंदुकीत सगळं तोंडाकडून भरायचं. आधी काळी दारू, तिच्यावर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि हे सगळं गजाने ठासायचं. मागच्या बाजूला निप्पलवर तांब्याची इवलीशी टोपी. घोडा टोपीवर पडला की ठिणगी आत जाते आणि बार होतो. म्हणजे प्रत्येक बाराला आपलं काडतूस आपणच नळीत तयार करायचं. ते तयार करताना चूक झाली तर कारखान्याला बोल लावता येत नाही.

सामान घ्यायला माझ्याबरोबर तात्या आले. तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. गावात तीन वाड्यांत त्यांच्याइतकी बंदूक जाणणारा माणूस नव्हता, आणि त्यांच्याइतके कमी बार काढणाराही. निघताना उंबऱ्यातच म्हणाले, "बंदूक बापाशीची आसा. आता भरूची अक्कल व्हयी. ती काय दुकानात गावणा नाय."

परवानाधारक दुकानात दोन मापं होती. एक पितळेचं, आत दांडी सरकणारं. दांडी वरखाली केली की दारू कमीजास्त बसते. दिसायला सुरेख. मी तेच उचललं. तात्यांनी माझ्या हातातून ते काढून परत पेटीत ठेवलं आणि दुसरं घेतलं. साधी पितळी नळी, एका बाजूने बंद, खाली कडी. काठोकाठ भरली की झालं.

"शिकाऊ माणसाक सरकता माप नको," तात्या म्हणाले. "आज एक दोरो वर, उद्या दोन. ज्येका तोंड एकच, ता माप घे."

पण ते माप आमच्या बंदुकीला योग्य की नाही, हे त्यांनी स्वतः ठरवलं नाही. बंदूक दुकानाच्या मागे बसणाऱ्या जुन्या कारागिराला दाखवली. त्याने नळीत काडी घालून, उजेडाकडे धरून, निप्पलचे आटे तपासून मग माप कापून दिलं. नळी सांगेल तेवढीच दारू. हातातल्या माणसाची हौस त्यात मोजायची नाही.

दुसरी वस्तू दारूचं शिंग. बूच घट्ट, तोंड अरुंद. त्यात लोखंडाचं काही नको, कारण लोखंडावर लोखंड घासलं तर ठिणगी पडते. पितळ, लाकूड, शिंग चालतं. शिंगातून दारू थेट नळीत ओतायची नाही, हे तात्यांनी मला त्या दिवशी तीनदा सांगितलं असेल. मागच्या बाराचा एखादा निखारा नळीत धुमसत असला तर ज्वाला वर येते. माप हातात असेल तर तेवढीच दारू पेटेल. शिंग हातात असेल तर सगळं शिंग. म्हणून शिंगातून मापात, शिंगाला बूच, मग मापातून नळीत. बूच लावल्याशिवाय पुढचा हात नाही.

तिसरा गज. शिसवीचा, टोकाला पितळेची टोपण. चिरलेला गज ठासताना मोडला तर फाटलेलं टोक तळहातातून आरपार जातं. जुना गज तात्यांनी दुकानाबाहेरच गुडघ्यावर मोडून टाकला. "घराक नेलंय तर कोण तरी वापरीत," म्हणाले.

बोळ्यासाठी आमच्याकडे सोडणाचा काथ्या वापरायची रीत होती. नारळ घरचा, काथ्या फुकट. पण काथ्याचा बोळा धुमसत लांब जाऊन पडतो, आणि फाल्गुनात वाळलेल्या गवतावर पडला की डुकरं परवडली म्हणायची पाळी. तात्यांनी चांभाराकडून नळीच्या मापाचा एक गोल पंच करवून घेतला आणि जुन्या घोंगडीच्या चकत्या पाडायला मला बसवलं. लोकर चटकन धुमसत नाही. त्या वर्षी दोनशे चकत्या पाडल्या आणि आईची एक घोंगडी संपली.

टोप्यांची डबी वेगळी, आणि ती वेगळ्या खिशात. ही टोपी म्हणजे मोठा शोध. त्याआधी चापाला गारगोटी असायची, तिची ठिणगी उघड्या दारूवर पडायची. स्कॉटलंडचा एक पाद्री, अलेक्झांडर फोर्सिथ, पक्ष्यांची शिकार करायचा. गारगोटीची चमक दिसली की पक्षी उडून जायचे. त्यावर त्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाची युक्ती काढली आणि 1807 साली तिचं पेटंट घेतलं. तांब्याची टोपी पुढे त्यातूनच आली. हे मी पुष्कळ नंतर वाचलं. तात्यांना पाद्री माहीत नव्हता, टोपी माहीत होती. "दारू नि टोपी एका पिशयेत ठेवशीत तर माझ्या वांगडा येव नको."

दारू परवान्यावर लिहिलेली तेवढीच मिळायची आणि ती काळीच घ्यायची. काडतुसातली बिनधुराची दारू हाताने काढून ठासणीत घालणारे महाभाग होते. ती दारू निराळी, तिचा जोर निराळा. ठासणीची नळी तो सोसत नाही, फुटते. दुकानदाराने हे आपणहून सांगितलं. त्या माणसाबद्दल मला अजून आदर आहे.

घरी आल्यावर तात्यांनी एक काम केलं, जे कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं. रिकाम्या नळीत गज पार तळापर्यंत सोडला आणि नळीच्या तोंडाशी गजावर सुरीने एक खूण कापली. मग माझ्याकडून दारू, चकती, छर्रे, चकती असं रीतसर भरून घेतलं, गज पुन्हा आत सोडला आणि दुसरी खूण कापली. दोन खुणांमध्ये चारेक बोटांचं अंतर. पहिली खूण रिकामी, दुसरी भरलेली. गज दुसऱ्या खुणेच्याही वर राहिला तर नळीत काहीतरी जास्त आहे, किंवा बोळा दारूला टेकलेला नाही. दोन्ही वाईट.

ही खूण कुठून आली, ते तात्या त्या दिवशी बोलले नाहीत. मला ठाऊक होतं. वरच्या वाडीतल्या एका गड्याने माळ्यावर बंदूक भरली, टोपी फुटली, बार झाला नाही. नळी तशीच ठेवून तो जेवायला घरी आला. परत गेल्यावर रिकामी समजून पुन्हा भरली. दुसऱ्या वेळी बार झाला. डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि एक कान कायमचा गेला. माणूस हुशार होता, दारू चांगली होती, बंदूकही चांगली होती. फक्त मधे जेवण झालं होतं. त्याला चादरीत घालून खाली आणणाऱ्यांत तात्या होते.

"बंदूक काय विसारणा नाय," ते पुढे एकदा म्हणाले, "माणूस विसारता. म्हणान गजाक लक्षात ठेवूक लावचा."

त्यांचे बाकीचे नियमही याच जातीचे. भरताना कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. दिव्याजवळ भरायचं नाही. भरताना बिडी नाही, आणि बिडी ओढणारा शेजारी नाही. टोपी फुटून बार झाला नाही तर नळी रानाकडे धरून शंभर आकडे मोजायचे, मग निप्पलचं भोक काडीने साफ करून नवी टोपी. टोपी लावायची ती सगळ्यात शेवटी, माळ्यावर चढून बसल्यावर. आणि घरी आल्यावर, कितीही झोप आली तरी, नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, खोबरेल लावायचं. काळ्या दारूची काजळी ओल ओढते. आमच्या पावसात एका रात्रीत गंज धरतो.

खरं सांगायचं तर त्या बंदुकीने मी फार काही मारलं नाही. 1972 चा वन्यजीव कायदा होताच, आणि शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. बहुतेक रात्री छर्रे न घालता नुसता बार काढायचो. डोंगरातून आवाज फिरून यायचा, डुकरं वर पळायची, वाडीतली कुत्री तासभर भुंकायची. दुसऱ्या दिवशी भात उभं असायचं. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची. मग आम्ही डबे बडवत बसायचो, आणि डुकरांना ते बरोबर कळायचं.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेत, टेक्सासला गेलो होतो. तिच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहायचे. त्यांच्या गॅरेजात एका भक्कम बाकावर लोखंडी दाबयंत्र ठोकलेलं. उडालेल्या काडतुसांची पितळी कवचं गोळा करून ते घरीच पुन्हा भरत. तिकडे ही उघड चालणारी हौस आहे. मी ठासणीवाला, म्हटल्यावर त्यांनी प्रेमाने सगळं दाखवलं. कवच साच्यात दाबून मूळ मापाला आणायचं, मागे नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी बसवायची. जामातबापू मधे बसून भाषांतर करत होते.

बाजारात एका दांड्याला चार-पाच कामं करणारी यंत्रं मिळतात, तासाला शेकड्यांनी काडतुसं काढतात. पण यांचं यंत्र एका खेपेला एकच काम करणारं. मी विचारलं, का? ते म्हणाले, नवशिक्याने हेच घ्यावं. सगळी कवचं एका कामातून काढायची, मग दुसऱ्या. दारू घातल्यावर फळीत पन्नास कवचं उभी करून दिव्याखाली एकेकात डोकावून बघायचं, कुठे दारू दुप्पट तर नाही, कुठे रिकामं तर नाही. त्यांच्या बाकावर तोलकाटा होता, त्याची खात्री करायला ठरावीक वजनं होती, आणि कुठल्या गोळीला कुठली दारू किती, याचं छापील पुस्तक होतं. यंत्राच्या आधी पुस्तक घ्यावं, म्हणाले. बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा. काम चालू असताना रेडिओ बंद, फोन आत घरात.

मी जावयाला म्हटलं, यांना सांग, आमचे तात्या असेच होते. गृहस्थांनी तात्या कुठे असतात असं विचारलं. ते गेले त्याला तेव्हा सतरा वर्षं झाली होती.

आता आमच्या शेताला सौरकुंपण आहे. ते बरं चालतं, गवत वाढून तारेला टेकत नाही तोवर. बंदूक आहे, परवान्याचं नूतनीकरण मी अजून करतो. भाऊ मुंबईत असतो, पण त्याचा मुलगा गावी राहून शेती बघतो. परवाना पुढे त्याच्या नावावर व्हावा असं त्याच्या मनात आहे. परवा त्याने मोबाइलवर चकचकीत सामानाची चित्रं दाखवली आणि विचारलं, "काका, यातला कुठला सेट घेऊ?"

मी त्याला आषाढात यायला सांगितलंय. तेव्हा राखण नसते, वेळ असतो. रिकामी नळी, गज आणि घोंगडीच्या चकत्या, एवढ्यावर महिनाभर बसवणार आहे. दारू नाही, टोपी नाही. भरायचं, गज सोडायचा, खूण बघायची, काढायचं. मधेच त्याची काकी त्याला चहाला हाक मारेल. ती मी मुद्दाम मारायला सांगणार आहे. त्याने ओ दिली नाही, म्हणजे मग सामानाचं बघू.