मुक्कामाची रात्र

नातेपुत्यात लॉजवर खोली मागायची वेळ माझ्यावर यंदा पहिल्यांदाच आली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आज पालखी आहे काका. सगळं कधीच भरलंय."

बरड सोडलं की माउलींची पालखी धर्मपुरीपाशी सातारा जिल्ह्यातून सोलापूर जिल्ह्यात येते आणि त्या दिवशीचा मुक्काम आमच्या गावाला असतो. दुसऱ्या दिवशी सदाशिवनगरचं रिंगण, मग माळशिरस. बाहेरची माणसं रिंगणाचे फोटो काढतात, कोणी दहिगावचं जैन मंदिर पाहतं, कोणी मुंगी घाटाकडून शिखर शिंगणापूर गाठतं. मला नातेपुते म्हटलं की आमच्या ओसरीतला ज्वारीच्या कणगीशेजारचा कोपरा आठवतो.

तो परभणीच्या मावशींचा कोपरा. त्यांचं नाव आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनीही आमचं नाही. दिवेलागणीला त्या डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवायच्या. ते जमिनीवर टेकू नये म्हणून आई आधीच पाट मांडून ठेवायची. मग मावशी भिंतीला टेकून पाय लांब करायच्या. तळव्याला आलेल्या फोडातून त्या सुईनं दोरा ओवून घेत, दोरा तसाच आत ठेवत, म्हणजे पाणी झिरपून जातं. दिवा धरायचं काम माझं. मी तोंड फिरवलं की म्हणायच्या, "बघ रे लेकरा, मला दुखत नाही, तुला कशाला दुखतंय?" पहाटे मी उठेपर्यंत कोपरा झाडलेला असायचा आणि ओटीवर कोणी नसायचं. त्या रिकाम्या ओसरीचा मला लहानपणी राग यायचा. निदान उठवून तरी जायचं.

2019 साली त्यांचा पितळी तांब्या आमच्याकडे राहिला. आईनं चिंचेनं घासून फळीवर ठेवला, पुढच्या वर्षी देऊ म्हणून. 2020 आणि 2021 साली करोनामुळे पादुका एसटीनं थेट पंढरपूरला गेल्या. दोन्ही वर्षं त्या तिथीला आईनं ओसरी सारवली. 2022 ला पालखी पायी आली, मावशी आल्या नाहीत. त्यानंतर घर विकलं. विकायचं ठरलं ते मला सगळ्यांच्या शेवटी कळलं. व्यवहार म्हणून ते बरोबरच असेल, पण एकदा मला विचारायला हवं होतं. आता तिथं शटरची चार दुकानं आहेत. कणगी कुठल्या दुकानात येईल, याचा अंदाज मी रस्त्यावरून पावलं मोजून घेतला. तिसऱ्या.

संध्याकाळी तळावर समाजआरतीला गेलो. चोपदारांनी दंड उंचावला आणि एवढ्या माणसांत क्षणात शांतता झाली. टाळसुद्धा वाजेना. मग हरवल्या-सापडल्याची पुकार सुरू झाली. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाचे टाळ. ज्याचं त्यानं पुढं येऊन न्यायचं. माझ्या झोळीत तांब्या होता. द्यायचाच म्हणून पुण्याहून आणला होता. पुकार संपेपर्यंत मी उभा राहिलो आणि तो दिला नाही.

रात्री आमच्या जुन्या आळीत एका ओळख नसलेल्या घरासमोर थबकलो. ओट्यावर आधीच दहाबारा माणसं झोपली होती. दारातल्या बाई म्हणाल्या, "माउली, टाका इथंच अंथरूण. सरकतील सगळे." माझ्याच गावात मला कोणी माउली म्हणत होतं. आम्ही इथलेच, शाळेमागचं घर आमचं, असं सांगायचं तोंडावर आलं होतं. सांगितलं नाही. चादर पसरली. शेजारचे आजोबा झोपेतच भिंतीकडे सरकले.

बाई पुन्हा दारात आल्या. "रात्रीला पाणी लागेल. तांब्या आहे का, भरून देते."

मी झोळीतून काढून त्यांच्या हातात दिला.