पाटणच्या शिळेवर नसलेले नाव

आपल्यापैकी पुष्कळ घरांत कुलवृत्तान्ताचे एखादे जाड पुस्तक असते. देवघराशेजारच्या फडताळात ते ठेवलेले असते आणि मुंजीच्या किंवा लग्नाच्या वेळी गोत्र-प्रवर पाहण्यासाठी खाली काढले जाते. त्यात मूळ पुरुषापासून शाखा फुटत गेलेल्या असतात व प्रत्येक फांदीच्या टोकाशी एखाद्या पुरुषाचे नाव असते. कन्येचा उल्लेख आला तर एका ओळीत येतो: तिचे नाव, आणि ती कोणत्या घराण्यात दिली ते. ती लहानपणी काय बोलत असे, कशाला भीत असे, कोणत्या गोष्टीवर हसत असे, हे त्यात सापडावयाचे नाही. वंशवृक्षाचे ते कामच नव्हे. मग ते काम कोणाचे? हा प्रश्न मला खानदेशातील पाटण या गावी पडला. म्हणून त्या गावच्या प्रवासाची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

मुंबई-भुसावळ लोहमार्गावर चाळीसगाव हे स्थानक आहे. तेथून नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरांवर सातमाळ्याच्या डोंगरांच्या कुशीत पाटण वसले आहे. आम्ही तेथे गेलो ते १९९३ च्या दिवाळीच्या सुट्टीत. मी, माझी पत्नी आणि आमची सात वर्षांची मुलगी असे तिघे होतो. मुलीचे नाव येथे देत नाही. आता ती मोठी झाली आहे व ते छापावे की नाही हे ठरविण्याचा अधिकार तिचा आहे. घरात तिला सर्वजण बाळी म्हणत, तेवढे पुरे. निघण्याच्या आदल्या रात्री आमच्या मातोश्री म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीला रानात नेऊन काय दाखवणार आहेस? त्यापेक्षा वणीला जा, देवी तरी पावेल." पाटणलाही देवीचेच ठाणे आहे असे सांगितल्यावर त्यांनी ओटीचे तांदूळ आणि खण बांधून दिला.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संस्कृत शिकलो ते आजोबांपाशी, पहाटेच्या अंधारात. शाळामास्तराच्या सवयीप्रमाणे प्रवासात एक शंभर पानी वही जवळ बाळगली होती. तिच्या डाव्या पानावर खर्च लिहावयाचा आणि उजव्या पानावर मुलगी जे बोलेल ते, तिच्याच शब्दांत, अशी मी योजना केली होती. पुढे जे सांगतो ते त्या उजव्या पानांवरून.

नाशिकरोडहून गाडी सुटली. उजव्या पानावर पहिली नोंद अशी आहे: "मनमाड म्हणजे दोन करंज्या. नांदगाव म्हणजे आणखी एक." बाळीने अंतर मोजण्याचे स्वतःचे कोष्टक तयार केले होते, आणि चाळीसगाव येईपर्यंत डबा पुरावा म्हणून ती पुढच्या करंज्या लहान लहान घास करून खात होती. मला हसू आले, परंतु नवलही वाटले. कारण ज्या ग्रंथकर्त्याच्या नावामुळे आम्ही पाटणला निघालो होतो, त्यानेही आपल्या 'लीलावती'चा आरंभ कोष्टकांनीच केला आहे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. आठ यवांचे एक अंगुल, चोवीस अंगुलांचा एक हात. करंजीचे माप तेवढे त्यात नाही.

चाळीसगावी धर्मशाळेत उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नीने स्टोव्हवर खिचडी टाकली. वाटीने दोन मापे तांदूळ व एक माप मुगाची डाळ काढताना पाहून मला 'लीलावती'तील एका उदाहरणाची आठवण झाली व मी ते बाळीला सांगितले. एक वाटसरू वाण्याच्या दुकानी येतो. एका द्रम्माला साडेतीन मानके तांदूळ मिळतात आणि आठ मानके मूग. वाटसरू तेरा काकिण्या पुढे करून म्हणतो, दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग दे, पण लवकर दे. खाऊन निघावयाचे आहे, तांडा पुढे निघून जाईल. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या गणिताच्या ग्रंथात आपल्याच स्वयंपाकघरातले दोनास एक हे प्रमाण पाहून पत्नीलाही कौतुक वाटले. बाळीने मात्र विचारले, "आणि मीठ? मिठाचे पैसे त्याने दिलेच नाहीत." तिच्या आईने उत्तर दिले, "मीठ वाटसरूच्या पडशीत असेल. घरून निघताना बायकोने बांधून दिले असेल." इतक्यात एस्. टी. सुटण्याची वेळ झाली आणि आम्हालाही आमच्या तांड्यामागे धावावे लागले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंस कपाशी फुटली होती आणि वेचणी चालू होती. गावापासून पुढे पाटणादेवीकडे जाताना डोंगर तीन बाजूंनी जवळ येऊ लागतात व रान दाट होते. १९८६ पासून हा प्रदेश गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडतो. वर कन्हेरगड दिसतो. याच डोंगरांत पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. वाटेत मी बाळीला कुड्याचे झाड दाखविले. फुलांचा हंगाम संपून गेला होता, पण जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा होत्या. 'लीलावती'तील भुंग्यांचा एक थवा याच कुड्यावर, म्हणजे संस्कृतातील कुटजावर, जाऊन बसला आहे. थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर जातो, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, त्या दोहोंमधील अंतराची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा उरतो. एकंदर भुंगे पंधरा. बाळीने बोटांवर मोजून ताळा पाहिला: तीन, पाच, सहा आणि एक.

देवीचे देऊळ जुने, घडीव दगडांचे, हेमाडपंती धाटणीचे आहे. दर्शन झाले, ओटी भरली. मंडपातील एका खांबाशी बाळी उभी राहिली तेव्हा मी तिला मोराचे गणित घातले. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे आणि खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे येत आहे. मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघांची चाल सारखी असेल तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? सात वर्षांच्या मुलीला हे सुटावयाचे नव्हे. मीच जमिनीवर काडीने आकृती काढून बारा हात हे उत्तर काढून दाखविले. तिने बारा पावले मोजली आणि तेथे उभी राहून म्हणाली, "उत्तर बरोबर आले, पण साप मेला ना!" पुढे चाळीस वर्षांपर्यंत गेलेल्या माझ्या नोकरीत हे गणित मी अनेक वर्गांना शिकविले. सापाची विचारपूस दुसऱ्या कोणी केली नाही.

आता शिलालेखाविषयी. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला. त्यात शके ११२८ चा निर्देश आहे. यादवराजा सिंघण याच्या पदरी चांगदेव नावाचा मुख्य ज्योतिषी होता. हा भास्कराचार्यांचा नातू. भास्कराचार्यांचे 'सिद्धान्तशिरोमणी' इत्यादी ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने येथे मठ स्थापिला, आणि निकुंभ घराण्यातील सामंत सोइदेव याने त्या मठास दान दिले. लेखाचा मोठा भाग संस्कृत श्लोकांत आहे. शेवटचा तुकडा जुन्या मराठीत असून मठाला बाजारातून काय काय मिळावे हे त्यात सांगितले आहे. आपल्या भाषेच्या अभ्यासकांना तो तुकडा फार मोलाचा वाटतो.

संस्कृत भागात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. त्रिविक्रम, त्याचा पुत्र भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, महेश्वराचा पुत्र आपले भास्कराचार्य, त्यांचा लक्ष्मीधर आणि लक्ष्मीधराचा हा चांगदेव. नऊ पिढ्या आणि नऊ नावे. मी ही नावे बाळीला मोठ्याने सांगितली. मराठी भागात घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे असे म्हटले आहे, तेही सांगितले. त्यानंतरचे संभाषण वहीत जसे आहे तसे उतरवितो.

"बाबा, यात लीलावती कुठे आहे?"

"ती यात नाही."

"का नाही?"

यावर तिची आई म्हणाली, "दगडावर जागा उरली नसेल, बाळे."

"पण तेलाला उरली की!"

मला यावर काही बोलता आले नाही. पत्नी मात्र खूप हसली. 'आई पुष्कळ वेळ हसत होती' असे मी त्या नोंदीखाली लिहिले आहे.

लीलावती कोण, हा वाद जुना आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ. स. १११४ चा, छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला, आणि 'लीलावती' हा त्याचाच पहिला भाग मानतात. ती त्यांची कन्या होती, घटिकापात्रात मोती पडून तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला आणि तिच्या सांत्वनासाठी पित्याने तिच्या नावाने ग्रंथ केला, ही सर्वश्रुत कथा अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत आहे. मूळ ग्रंथात ती नाही. म्हणून कोणी तिला कन्या म्हणतात, कोणी पत्नी, तर कोणी लीलावती हे केवळ ग्रंथाचे सुंदर नाव मानतात. स्वतः आचार्य मात्र उदाहरण घालताना मधूनमधून 'बाले' अशी हाक मारतात. आपण मराठीत 'अगं बाळे' म्हणतो, तीच ही हाक. घरी एखादी लहान मुलगी समोर बसली असल्यावाचून ती इतक्या सहज तोंडी येत नाही, असे मला वाटते. परंतु हे बापाचे मत आहे, पंडिताचे नव्हे.

पंडितांचा वाद मिटत नाही याचे कारण त्या शिळेपाशीच कळते. नातवाने मठ बांधला, नऊ पुरुष कोरले, पळीभर तेलाची तजवीज केली. 'अमुक नावाची कन्या' एवढी दोन अक्षरे जर त्यात असती तर आठशे वर्षांचा प्रश्न उरला नसता. चांगदेवाला मी दोष देत नाही. राजदरबारी वंशावळ जशी सांगावयाची तशीच त्याने सांगितली आणि आजही आपण तशीच सांगतो. तरीही त्या घराण्यातील त्रिविक्रम आणि मनोरथ ही नावे अभ्यासकांवाचून कोणाला ठाऊक नाहीत, आणि लीलावती हे नाव मात्र शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ती खरोखर कन्या असेल तर तिला राखले ते शिळेने नव्हे; भुंगे, खिचडी, मोर आणि वाण्याचे दुकान असल्या रोजच्या गोष्टी ज्याने तिच्यापुढे मांडल्या त्या पित्याच्या पुस्तकाने.

पाटणहून परतल्यावर वही कपाटात गेली. १९९८ मध्ये माझी पत्नी निवर्तली. तेव्हा बाळी बारा वर्षांची होती. पुढे कॉलेजात असताना एकदा तिने मला विचारले, "आई बोलायची कशी हो? मला चेहरा आठवतो, पण बोलणे आठवत नाही." छायाचित्रे घरात पुष्कळ होती, पण छायाचित्र बोलत नाही. मी ती वही तिच्या हाती दिली. उजवी पाने लिहिली होती मुलीसाठी. परंतु मुलीच्या प्रश्नांना उत्तरे देणारी आईही त्यांत आपोआप उतरली होती. मीठ बायकोने बांधून दिले असेल असे म्हणणारी, दगडावर जागा उरली नसेल असे म्हणणारी आणि मग पुष्कळ वेळ हसणारी. बाळीने ती पाने रात्री बसून वाचली. सकाळी म्हणाली, "आई चेष्टेखोर होती, हे मला माहीतच नव्हते."

अलीकडे आमच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघावयाची म्हणून माहितीपत्रक आले. त्यात 'कन्या' या शीर्षकाखाली तीन ओळी आहेत: नाव, जन्मतारीख, विवाहानंतरचे आडनाव. 'पत्नी' या शीर्षकाखाली चार आहेत. त्या सातही ओळी मी सुवाच्य अक्षरांत भरून पाठविल्या. कुलवृत्तान्ताने एवढेच करावयाचे असते, आणि तेवढे त्याने अवश्य करावे.

बाकीचे मात्र घरच्या माणसांनी केले पाहिजे. ज्यांच्या घरी लहान मुलगी आहे त्या वाचकांस माझी विनंती आहे की, त्यांनी एक साधी वही घालावी. दिवस व स्थळ लिहावे, मुलीचे शब्द न सुधारता उतरावेत, आणि त्या वेळी जवळ कोण होते व ते काय म्हणाले तेही लिहावे. तात्पर्य लिहू नये. पाटणला जाणे झाले तर वही बरोबर न्यावी. पावसाळा नुकताच सरला असता डोंगर हिरवे असतात व ओढ्यांना पाणी असते. पोटापुरते बरोबर असावे. दोनास एक हे प्रमाण सांगितलेच आहे. मीठ वेगळे बांधून घ्यावे.