पालगडची वाट

आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा 'श्यामची आई' हा बोलपट आम्हीं किती वेळां पाहिला, याची गणती नाहीं. १९५४ मध्यें पहिलें राष्ट्रपति-सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या चित्रांतील वनमालाबाईंची आई पाहूनच आम्हां तिघां वृद्ध स्नेह्यांनीं साने गुरुजींचें जन्मग्राम पालगड मोटारीनें गांठण्याचा संकल्प केला. पुण्याहून ताम्हिणी घाटानें माणगांव, पुढें महाड, मग दापोली तालुक्यांत पालगड; फराळाचे डबे कोणीं आणावयाचे हेंही ठरलें. पण कोणाचे गुडघे दुखत, कोणाच्या घरीं कार्य निघे! 'पुढच्या वर्षीं' म्हणतां म्हणतां ५ वर्षें गेलीं.

परवां गुरुजींचें मूळ पुस्तक सहज उघडलें. श्याम घरीं पोंचतो, तेव्हां आई गेलेली असते. आमचा कंठ दाटून आला. शाळेच्या परीक्षा आटोपूं द्याव्या म्हणून थांबलेले आम्हीही आमच्या मातोश्रींकडे असेच उशिरां पोंचलों होतों. 'शुभस्य शीघ्रम्' हें आम्हीं जन्मभर मुलांना शिकविलें. स्वतः मात्र शिकलों नाहीं.

त्याच रात्रीं दोघांनाही कळविलें: येत्या गुरुवारीं पहांटे ५ वाजतां निघणें आहे. गुडघे दुखत असल्यास काठी घ्यावी. तारीख बदलणार नाहीं.