मदिनेतली काकडी, कांदा आणि सिरका

मदिनेहून परतलेली माणसे खजुरांबद्दल सांगतात, झमझमचे पाणी वाटतात, मस्जिद-ए-नबवीच्या आठवणींनी त्यांचे डोळे भरून येतात. कच्च्या भाज्यांबद्दल मात्र कोणी काही सांगत नाही. आम्ही सांगणार आहोत, कारण आमच्या घरात दोन वर्षे अडून बसलेला एक प्रश्न मदिनेच्या आठ दिवसांत या भाज्यांनीच सोडवला.

प्रश्न अम्मींच्या जेवणाचा होता. रक्तदाब वाढल्यापासून डॉक्टरांनी त्यांचे मीठ कमी केले, लोणचे-पापड बंद केले. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा कमी मीठ, असे जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना सांगते. पण आमच्या मराठवाड्यात बुक्कीने फोडलेला कांदा आणि मीठ लावलेली काकडी ताटात नसेल तर भाकरी घशाखाली उतरत नाही. मीठ गेले आणि अम्मींची भूकही गेली. अर्धी भाकरी खाऊन त्या हात धुऊ लागल्या. उमऱ्याला निघताना आम्हाला त्याचीच काळजी होती. जुलैचे ऊन, चालणे भरपूर, आणि पोटात काही नाही.

मदिनेत पोहोचल्यावर ताटातला कांदाही गेला. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे की ज्याने कच्चा लसूण किंवा कांदा खाल्ला असेल त्याने मस्जिदीपासून दूर राहावे. कांदा हराम नाही, हे लक्षात ठेवावे. अडचण वासाची आहे, शेजारी उभ्या असलेल्या नमाजीला होणाऱ्या त्रासाची आहे. हजरत उमर (रजि.) यांनी एका जुम्याच्या खुत्ब्यात सांगितले होते की प्रेषितांच्या (स.) काळात असा वास येणाऱ्या माणसाला मस्जिदीबाहेर, बकीच्या दिशेने पाठवले जाई, ज्याला हे खायचेच असेल त्याने शिजवून त्यांचा उग्रपणा घालवावा. बकीचे कब्रस्तान आजही मस्जिदीला लागूनच आहे. आपण ही हदीस घरी वाचतो तेव्हा ती वाचूनच राहते. तिथे पाच वेळा त्याच दारातून आत जायचे असते, त्यामुळे दुपारच्या जेवणात कांद्याकडे हात जाता जाता थांबतो.

मग ताटात काय घ्यायचे? उत्तर पहिल्याच दिवशी माशाच्या ताटाबरोबर आले. हिरव्या, लांबट, कातरलेल्या पानांची आख्खी जुडी. त्याला जर्जीर म्हणतात. हिजाझमध्ये मासे असोत की सकाळचे फूल आणि तमीस रोटी, ही पाने बाजूला असतातच. मुळा आणि मोहरीच्या कुळातली भाजी; चावली की आधी कडसर, मग नाकापर्यंत जाणारा झणका. कांद्याची जागा ती बरोबर घेते आणि तोंडाला तसा वास मागे ठेवत नाही. अम्मींनी पहिले पान संशयाने खाल्ले, दुसऱ्यावर लिंबू पिळले, आणि मग जुडी आपल्याकडे ओढून घेतली.

दुसरी गोष्ट सिरका. प्रेषितांनी (स.) एकदा घरच्यांना भाकरीबरोबर खायला काही आहे का असे विचारले. सिरक्याशिवाय काही नाही, असे उत्तर आले. त्यांनी तोच मागवला आणि त्याची तारीफ करत खाल्ला. हजरत जाबिर (रजि.) यांची ही रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. आम्ही ती आजवर साधेपणाची शिकवण म्हणून ऐकत आलो होतो. मदिनेत काकडी-गाजराच्या फोडींवर सिरका घालून खाल्ला तेव्हा त्यातली चवही कळली. आंबट चव जिभेवर आली की मिठाची उणीव कमी भासते.

शनिवारी सकाळी आम्ही मस्जिद-ए-कुबाला गेलो. प्रेषित (स.) दर शनिवारी कधी पायी, कधी स्वार होऊन तिथे जात. आता दोन्ही मस्जिदींच्या मध्ये सुमारे 3 किलोमीटरचा पायी चालण्याचा रस्ता आहे. उन्हे चढण्याआधी निघाले तर म्हातारी माणसेही बसत-उठत चालू शकतात. येताना पुदिन्याच्या जुड्या घेतल्या. मदिनेचा पुदिना चहासाठी प्रसिद्ध आहे, पण तो सुकवून, तळहातावर चोळून दह्यातल्या काकडीवर टाकला की आपल्या कोशिंबिरीची बहीणच समोर येते, फक्त फोडणी आणि दाण्याचा कूट नसलेली.

मसाल्याच्या दुकानात सुमाक मिळाला. हा मूळ शाम आणि तुर्कस्तानकडचा. एका झुडपाची लालभडक फळे सुकवून केलेली जाडसर पूड, चवीला आंबट. घेताना एक काळजी घ्यावी. बाजारातल्या पुष्कळशा सुमाकमध्ये आधीच मीठ मिसळलेले असते. ज्यांना मीठ वर्ज्य आहे त्यांनी "बिदून मिल्ह" म्हणजे बिनमिठाचा, असे सांगून मागावा आणि चिमूटभर चाखूनच घ्यावा.

खोलीवर आमची पद्धत अशी बसली. काकडी-टोमॅटोच्या जाड फोडी करायच्या. पातळ चकत्यांना पाणी लवकर सुटते. त्यावर लिंबू किंवा सिरका, सुमाक, चोळलेला पुदिना आणि चमचाभर जैतूनचे तेल. मीठ सगळ्यात शेवटी, ताट समोर आल्यावर, बोटाच्या चिमटीने वरून. आधी घातलेले मीठ काकडीतले पाणी बाहेर ओढते आणि त्या पाण्याबरोबर वाटीच्या तळाशी जाते. मग पुन्हा वरून घालावे लागते. शेवटी घातलेले थेट जिभेला लागते, म्हणून थोडे पुरते. घरी आपण काय करतो? काकडी चिरली की पहिले मीठच.

कांदा आम्ही इशानंतरच्या जेवणासाठी राखून ठेवला. बारीक उभा चिरून गार पाण्यात ठेवायचा, पिळून सुमाक लावायचा. तिखटपणा खूप उतरतो. वास मात्र पुरता जात नाही, म्हणून नमाजेआधी हा उपाय करून भागत नाही. यमनी खानावळीत मंदीबरोबर येणारी सहाविकही त्याच वेळची: टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण, सारे कच्चे वाटलेले. "अरे, हा तर ठेचाच," म्हणून अब्बूंनी दोन वाट्या संपवल्या.

जुलैत बाजारात रुतब म्हणजे ताजे, रसाळ खजूर येतात. प्रेषित (स.) काकडी रुतबबरोबर खात, हे हजरत अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) यांनी पाहिले होते. हदीसमधली ही काकडी म्हणजे 'किस्सा': लांब, वाकडी, अंगावर रेघा असलेली, खिऱ्यापेक्षा खरबुजाच्या जवळची. उत्तर भारतात उन्हाळ्यात ककडी म्हणून विकतात तीच जात. हजरत आयेशा (रजि.) यांची तब्येत भरावी म्हणून त्यांच्या आईने त्यांना हेच खाऊ घातल्याचे अबू दाऊद आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत आहे. अम्मींना साखरेचा आजार नाही, म्हणून आम्हीही दिले. एक घास गार आणि कुरकुरीत, त्यातच मऊ गोडवा. या वाटीत मीठ नव्हते, आंबट नव्हते, काहीच नव्हते. चौथ्या दिवशी अम्मींनी स्वतः विचारले, "रात्री काकडी आहे ना?"

येताना पाव किलो सुमाक आणि सुकवलेला पुदिना बॅगेत होता. सुमाक घट्ट झाकणाच्या बरणीत, ओल लागणार नाही अशा जागी ठेवला. तो संपल्यावर आता आमचूर वापरतो. त्यात मीठ नसते, आणि वाळकावर तर तो सुमाकपेक्षा चांगला लागतो, असे अम्मींचे म्हणणे आहे.